अंगणातील डाग

साताऱ्याच्या एका जुन्या पेठेत, अजिंक्यताऱ्याकडे तोंड करून, एक कौलारू घर उभे आहे. घरापुढे अंगण आहे. ज्यांनी ते राखले, त्यांनी ते माणसांसाठी राखले होते. उन्हाळ्यात तेथे कुरडया आणि सांडगे वाळत, पावसाळा सरला की मुलांचे खेळ रंगत, आणि कोजागरीच्या रात्री दुधाचे पातेले मध्ये ठेवून सारे घर चंद्र वर येण्याची वाट पाहत बसे. पुढे पुण्यास नोकरी करणाऱ्या मुलाने मोटार घेतली. मोटारीला उभे राहावयास जागा हवी; म्हणून फाटक रुंद झाले, सदाफुलीचा वाफा काढावा लागला, आणि फाटकापासून पडवीपर्यंत शहाबादी फरशीचा एक पट्टा घालण्यात आला. शनिवारी रात्री मोटार येते, सोमवारी पहाटे निघून जाते. मधले दिवस ती फरशी पुन्हा माणसांची असते. आजी रोज सकाळी त्याच फरशीवर पाणी शिंपडून रांगोळी घालतात. मोटारीसाठी केलेल्या जागेवर त्यांनी आपला हक्क असा शांतपणे राखून ठेवला होता.

शहाबादी फरशी महाराष्ट्राच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, शहाबाद हे एका गावाचे नाव आहे हेही आपण विसरून जातो. ते गाव आज कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात आहे. १९५६ पूर्वी तो मुलूख हैदराबाद राज्यात होता. तेथील निळसर राखी रंगाचा दगड शाळांच्या व्हरांड्यांत, देवळांच्या ओवऱ्यांत आणि घरांच्या माजघरांत येऊन बसला. तो उन्हाळ्यात थंड राहतो, पायांना टोचत नाही आणि वर्षानुवर्षांच्या वावराने अधिकच गुळगुळीत होतो. दिसावयास तो कणखर दिसतो. परंतु तो आहे चुनखडीच्या जातीचा, आणि चुनखडीचा एक हळवा कोपरा असतो. त्याची ओळख ह्या घरात फक्त एका माणसाला होती.

ते म्हणजे आजोबा. एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी पस्तीस वर्षे परिचर म्हणून काम केले. त्यांनी कधी शिकविले नाही. त्यांचे काम धुण्याचे. तास संपला की मुले निघून जात, शिक्षकही दुसऱ्या वर्गाकडे वळत, आणि मेजावर उरत त्या डागाळलेल्या परीक्षानळ्या, काळवंडलेल्या बशा, तळाशी काहीतरी चिकटून बसलेली चंचुपात्रे. ती सारी दुसऱ्या दिवशी लख्ख व्हावयाची असत. नवा माणूस अशा वेळी जे हाती लागेल त्याने घासू लागतो. आजोबा आधी भांडे उजेडाकडे धरून पाहत आणि विचारीत, "डाग कशाचा?" उत्तर मिळेपर्यंत ते भांड्याला हात लावीत नसत. शाळेतील शिक्षक त्यांच्या ह्या प्रश्नाची थट्टा करीत. परंतु त्यांच्या कारकिर्दीत घासून चरे पडलेली काच त्या प्रयोगशाळेत शोधूनही सापडली नसती.

त्यांच्या प्रश्नात तथ्य होते, हे कोणत्याही घरातील गृहिणी सांगेल. शाईचा डाग, लोखंडाच्या गंजाचा डाग, हळदीचा डाग आणि तेलाचा डाग, हे चौघे कपड्यावर शेजारी शेजारी बसले तरी त्यांची कुळे निराळी. गंज लिंबाच्या रसाला वश होतो. हळद साबण लागताच लाल होऊन आणखीच उठून दिसते, आणि मग उन्हात हळूहळू फिकी पडते. तेल मात्र पाण्याला जुमानत नाही, त्याला पीठ किंवा खडूची भुकटी लावून ओढून घ्यावे लागते. मेण सांडले तर टीपकागद ठेवून वरून इस्त्री फिरवितात. एकाचे औषध दुसऱ्यास दिले तर डाग जात नाही. एवढेच नव्हे, तर कधी कापडही जाते. ज्याला आपण सफाई म्हणतो, तिच्यात अंगमेहनत असते त्याहून अधिक ओळख असते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ह्या घरातील नातवाने मोटार धुण्याचे काम स्वतःकडे घेतले. नातू आठवीत शिकणारा. खंडेनवमीला शस्त्रांची आणि अवजारांची पूजा करावयाची ही आपली जुनी चाल. सुतार आपला रंधा पूजतो, शेतकरी नांगर पूजतो, तर मोटार असलेल्या घरात मोटारीला झेंडूची माळ पडणे स्वाभाविकच होय. वडिलांनी पुण्याहून तीन बाटल्या आणल्या होत्या. एकीत मोटारीचा शाम्पू, दुसरीत दुधाळ रंगाचे मेणाचे पॉलिश, आणि तिसरीत टायरांना काळी चकाकी आणणारे द्रव. तिसऱ्या बाटलीला फवारा होता. फवारा हाती आला की मुलाचे मन कसे होते, हे सांगावयास नको. एका टायरास जेवढे पुरावे, तेवढे त्याने चाकाच्या एका अंगावरच उडविले. सायंकाळी मोटार आरशासारखी झाली. वडिलांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, नारळ फुटला, दसऱ्याला आपट्याची पाने वाटली गेली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे मोटार पुण्यास निघून गेली.

मोटार गेली तेव्हा फरशी उघडी पडली. जेथे चारी चाके उभी होती तेथे पंख्याच्या आकाराचे चार काळपट, तेलकट डाग उमटले होते. त्यांच्या मधल्या जागेत पॉलिशचे पांढुरके ओरखडे होते, आणि कडेने शाम्पूच्या फेसाची वाळलेली वर्तुळे. नातवाने ते पाहिले. पहिल्याने त्याला वाटले, पाण्याने जातील. बादलीभर पाणी ओतले; वर्तुळे गेली, डागांवरून मात्र पाणी कमळाच्या पानावरून ओघळावे तसे ओघळून गेले. तो दिवस त्याने तसाच जाऊ दिला. त्या दिवशीच सांगून टाकले असते तर पुढचे घडले नसते, असे म्हणणे सोपे आहे. पण पाठीवरची थाप ताजी असताना आपलीच चूक उघडी करून दाखविणे तेरा वर्षांच्या मुलाला किती जड जाते, हे मोठ्या माणसांनी विसरू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी रांगोळीचा डबा घेऊन बाहेर आल्या. आश्विनातील दव पडले होते. पुढच्या उजव्या चाकाच्या जागी त्यांचा पाय पडला आणि सरकला. त्यांनी हात टेकला. डबा उडाला, रांगोळी सारी फरशीवर सांडली. मोठे दुखणे टळले, परंतु मनगट मुरगळले. त्याला हां हां म्हणता सूज आली. आजोबा आणि सून त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. जाताना आजी एवढेच म्हणाल्या, "दवाने पाय सरकला." ज्याला खरे कारण ठाऊक होते तो दारात उभा होता.

सर्वजण गेल्यावर नातू कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि संडास धुण्याच्या ॲसिडची बाटली घेऊन आला. दुकानदाराने ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, जणू काही खोबरेल तेलच. घरी न्हाणीत ब्लीचिंग पावडरचा डबा होता, तोही त्याने बाहेर आणून बादलीजवळ ठेवला. एकाने न जमले तर दोन्ही एकत्र करावयाचे असा त्याचा बेत होता. प्रथम त्याने फाटकाजवळच्या, सर्वांत लहान डागावर ॲसिड ओतले. फरशीवर फस्स असा आवाज होऊन पांढरा फेस उसळला. मुलगा हरखला. त्याला वाटले, मळ सुटतो आहे.

नेमक्या त्याच वेळी रिक्षा दारात थांबली. आजोबांनी फाटकातूनच तो फेस पाहिला, आणि ज्या माणसाला कोणी घाईने चालताना पाहिले नव्हते तो धावला. पाण्याची बादली उचलून त्यांनी फेसावर ओतली, मागोमाग दुसरी, तिसरी. मग ब्लीचिंग पावडरचा डबा उचलून तो दूर पडवीच्या पलीकडे नेऊन ठेवला. नातवाचे हात त्यांनी नळाखाली धरले आणि बराच वेळ धरून ठेवले. हे सारे होईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे दोन एकत्र झाले असते तर क्लोरिन वायू निघाला असता. तो विषारी आहे. बादलीवर वाकला असतास तर श्वास घेता आला नसता. फरशीचे आपण मागाहून बघू. ही गोष्ट आधी ध्यानात ठेव."

नातू रडू लागला नाही. तो फरशीकडे पाहत होता. पाणी निथळल्यावर तेथे एक चमत्कारिक दृश्य दिसू लागले होते. मधला तेलकट डाग जवळजवळ होता तसाच होता. त्याच्या भोवतालची स्वच्छ फरशी मात्र तळहाताएवढ्या जागेत पांढरी, खरखरीत झाली होती. तेलाने आपल्याखालचा दगड झाकून धरला होता आणि ॲसिडने बिनगुन्ह्याचा दगड खाल्ला होता.

"शाळेत तुम्ही संगमरवराचे तुकडे आणि सौम्य ॲसिड घेऊन वायू तयार करता ना?" आजोबा म्हणाले. "चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधासारखी होते, तो वायू?"

"कार्बन डाय-ऑक्साइड," नातू म्हणाला.

"तोच आता अंगणात निघाला. मळाला फेस येत नसतो. फेस आला तो दगडाला. संगमरवर काय, शहाबादी काय, चुनखडीचीच भावंडे. जेवढा फेस आला तेवढा दगड वायू आणि पाणी होऊन गेला, उरला तो क्षार धुण्यात गेला. तो परत आणता येत नाही."

स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक ह्या शास्त्रज्ञाने अशाच पदार्थांतून निघणाऱ्या ह्या वायूचा अभ्यास करून १७५६ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांची ओळख पाठ्यपुस्तकातून सर्वांनाच होते. परंतु पुस्तकातला फेस आणि आपल्या दारातला फेस एकच आहे, हे ओळखण्यास बहुधा काहीतरी गमवावे लागते. स्वयंपाकघरातील कडप्प्याच्या काळ्या ओट्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली की सकाळी तेथे निस्तेज वर्तुळ दिसते. त्याचेही कारण हेच. तोही चुनखडीचा दगड आणि लिंबातही आम्लच. घरोघरच्या बायका ओटा लिंबापासून जपतात, त्या रसायनशास्त्र न शिकताही त्याचा हा पाठ पाळीत असतात.

आजोबा पायरीवर बसले. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "डाग कशाचा?"

नातू आत गेला आणि तिन्ही बाटल्या घेऊन आला. त्या त्याने एकापुढे एक पायरीवर मांडल्या आणि कोणत्या बाटलीतले काय, कोठे आणि किती उडविले, ते सर्व सांगितले. शेवटी म्हणाला, "आजी दवाने नाही पडली." आजी पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. त्यांनी ऐकले. "मला कळले होते ते," त्या म्हणाल्या, "दवाला मोटारीचा वास येत नाही." पुढे त्या विषयावर त्या घरात कोणी बोलले नाही.

आजोबांनी भिंग मागविले आणि नातवाकडून बाटलीवरची बारीक अक्षरे वाचून घेतली. टायरच्या द्रवात सिलिकोनचे तेल होते आणि ते पातळ ठेवण्यासाठी खनिज तेलाच्या जातीचा द्रावक घातला होता. द्रावक वाऱ्याने उडून जातो आणि सिलिकोन मागे राहते. टायरवर ते चकाकी देते, फरशीवर ते वंगण होते. म्हणूनच त्या बाटलीवर, चाकाचा जो भाग रस्त्याला टेकतो त्याला आणि ब्रेकला हे द्रव लागू देऊ नये, अशी ताकीद छापलेली होती. पाण्याने ते भिजत नाही. साबणाला थोडेसे ऐकते, पण पूर्णपणे नाही. पॉलिशच्या ओरखड्यांचे तसे नव्हते. ते मेण, लाकडी पट्टीने अलगद खरवडून गरम साबणाच्या पाण्याने आणि काथ्याने घासताच ते त्याच संध्याकाळी निघाले. आजोबांनी तारेचा ब्रश मात्र वापरू दिला नाही. तारेचे कण फरशीच्या छिद्रांत अडकले की पावसाळ्यात गंजतात आणि एक डाग काढताना दुसरा पेरला जातो.

सिलिकोनच्या तेलाचे काय करावे ह्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी अनपेक्षितपणे मिळाले. आदल्या दिवशीच्या गडबडीत सांडलेली रांगोळी तशीच पडून राहिली होती. ती झाडून घेताना सून म्हणाली, "ही रांगोळी अशी ओशट कशी झाली?" आजोबांनी चिमूटभर उचलली. कोरड्या फरशीवरची रांगोळी पांढरी आणि मोकळी होती. डागावर पडलेली राखी, ओलसर, बोटांना चिकटणारी होती. आणि जेथे ढीग जाड होता तेथील डाग किंचित फिका दिसत होता. आजोबांच्या चेहऱ्यावर पस्तीस वर्षांपूर्वीचा उजेड आला. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. दोन कणांच्या मधल्या फटीत तेल चढते, जसे समईच्या वातीत चढते. वातीला तेल ओढण्यास कोणी सांगावे लागत नाही. फट अरुंद असली म्हणजे झाले.

मग त्यांनी आपल्या कपाटातून एक पिवळे पडलेले कात्रण काढले. आग्र्याच्या ताजमहालावर धुराचा आणि धुळीचा पिवळसर थर बसू लागला, तेव्हा पुरातत्त्व खात्याने तो ॲसिडने वा घासून काढला नाही. १९९४, २००१ आणि २००८ साली तेथे संगमरवरावर मुलतानी मातीचा जाड लेप देण्यात आला; लेप वाळताना मळ ओढून घेतो, मग तो शुद्ध पाण्याने धुऊन काढतात. जी माती आया-बहिणी चेहऱ्याला लावतात, तीच शहाजहानच्या वास्तूला लावली गेली. "ताजमहालाला जे चालते ते आपल्या फाटकाला चालायला हरकत नाही," आजोबा म्हणाले.

तरी त्यांनी अंगणात लगेच हात घातला नाही. न्हाणीमागे उरलेल्या फरशीचा एक तुकडा पडलेला होता. त्यावर त्यांनी नातवाकडून त्याच बाटलीतले तेच द्रव चार ठिकाणी मुद्दाम टाकविले आणि एक रात्र राहू दिले. आधीच डागांनी गांजलेल्या घरात आणखी चार डाग पाडून घेणारा हा म्हातारा पाहून शेजारी हसले असतील. परंतु प्रयोगशाळेची हीच रीत आहे. जे करावयाचे ते आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहावे. दुसऱ्या दिवशी पहिल्या डागाला गरम पाणी आणि धुण्याची पूड लावली, दुसऱ्याला बंबातली राख, तिसऱ्याला पाण्यात कालविलेली मुलतानी माती, आणि चौथ्याला टर्पेंटाइनमध्ये कालविलेली मुलतानी माती. राखेने हात काळे झाले, डाग तसाच राहिला. पुडीने तो फिका झाला. पाण्यातल्या मातीने फारसे काही साधले नाही, कारण पाणी त्या तेलाजवळ जाण्यासच तयार नव्हते. चौथा डाग मात्र जवळजवळ गेला. टर्पेंटाइन आत शिरते, सिलिकोनला विरघळवते, आणि माती वाळू लागली की दोघे मिळून मातीत चढतात. जो द्रव आत गेला तोच बाहेर येताना डागाला सोबत घेऊन येतो.

एका रविवारी सकाळी काम सुरू झाले. टर्पेंटाइन पेट घेते; तेव्हा देवघरातील निरांजन शांत झाल्यावर, स्वयंपाकघराचे दार बंद करून, उघड्या हवेत बसावयाचे ठरले. शेजारची मुले दिवाळीच्या आधीच फुलबाज्या उडवू लागली होती. त्यांना आजोबांनी स्वतः जाऊन मागच्या गल्लीत पाठविले. रबरी हातमोजे आले. नातवाला वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसविले. प्रथम डागावर सुताराकडचा लाकडाचा भुसा पसरून, पायाने दाबून, वरचे तेल टिपून घेतले. मग थालीपिठाच्या पिठाएवढा घट्ट लेप कालविला आणि बोटाच्या अर्ध्या जाडीचा, डागाच्या कडेबाहेर दोन बोटे जाईल असा थापला. वर प्लॅस्टिकचा कागद अंथरून कडांना विटा ठेवल्या. एक दिवस झाकून ठेवावयाचा, दुसऱ्या दिवशी कागद काढून सुकू द्यावयाचा. लेप झाकलेला असताना त्याचे काम आत जाण्याचे. उघडल्यावर बाहेर येण्याचे.

नातवाने पहिल्याच संध्याकाळी तीनदा कागद उचलून पाहिला. आजोबा काही म्हणाले नाहीत. परंतु दुसऱ्या लेपाच्या वेळी कडेच्या विटा त्यांनी दुप्पट ठेवल्या.

पहिला लेप सुकून भेगाळला तेव्हा लाकडी उलथन्याने काढला. मातीचा खालचा भाग कळकट झाला होता. डाग अर्धाअधिक उतरला होता. पुढच्या चाकांना तीन लेप लागले, मागच्यांना दोन. शहाबादी दगड घट्ट असतो, त्यामुळे तेल फार खोल गेले नव्हते; सच्छिद्र सिमेंटच्या जमिनीवर हेच काम ह्याहून कठीण झाले असते. प्रत्येक लेपानंतर साबणाच्या गरम पाण्याने धुणे झाले. ते पाणी मात्र आजोबांनी गटारात सोडले नाही. साताऱ्याच्या गटारांतून वाहणारे पाणी शेवटी कृष्णा-वेण्णेच्या वाटेला लागते, हे त्यांना ठाऊक होते. लेप काढल्यावर राहिलेला ओशटपणा आधी जुन्या फडक्यांनी पुसून घ्यावयाचा, मगच थोडक्या पाण्याने धुवावयाचे, आणि तेही भुशाने टिपून घ्यावयाचे, असा त्यांचा नेम होता. ओशट माती, भुसा आणि फडकी पत्र्यावर पसरून, वास पूर्ण जाईपर्यंत सावलीत ठेवली, आणि मग पिशवीत बांधून घंटागाडीच्या माणसाला, आत काय आहे ते सांगून दिली. घंटागाडीवाल्याला असे कोणी सांगत नसावे. तो क्षणभर पाहत राहिला आणि पिशवी निराळ्या डब्यात ठेवून गेला.

प्रत्येक वेळी डाग गेला की नाही, हे डोळ्यांवर न सोपविता पाण्याच्या थेंबाने ठरविले जाई. थेंब गोटीसारखा उभा राहिला तर तेल शिल्लक आहे. थेंब पसरून फरशी गडद झाली तर दगड मोकळा झाला. चौथ्या चाकाच्या जागी थेंब पसरला तेव्हा वसुबारसेला दोन दिवस उरले होते. मागाहून आजोबांनी त्या जागेवरून अनवाणी चालून पाहिले, आणि मग नातवाला चालावयास सांगितले. आजींना मात्र त्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत तेथे पाय ठेवू दिला नाही.

धनत्रयोदशीस वडील मोटार घेऊन येणार होते. नातवाने माळ्यावरून जुनी गोणपाटे काढून धुऊन ठेवली. ह्यापुढे टायरांना चकाकी द्यावयाची ती गोणपाट अंथरून आणि द्रव आधी फडक्यावर घेऊन, हे त्याने वडिलांना पत्रात लिहावे तसे दूरध्वनीवरून सविस्तर सांगितले; आजीच्या मनगटाचे खरे कारणही त्यातच आले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग वडिलांनी विचारले, "फाटकाजवळचा डाग निघाला का?"

तो निघाला होता. लेपाने तेल निघाले. परंतु त्याच्याभोवतीचा ॲसिडने खाल्लेला, तळहाताएवढा पांढरा भाग निघणारा नव्हता, कारण तो डाग नव्हताच. तेथे दगडच उणा झाला होता. ती फरशी उपटून नवी बसवावी असे सुनेने सुचविले. आजोबांनी त्या जागेवरून बोट फिरविले आणि काही उत्तर दिले नाही.

वसुबारसेच्या संध्याकाळी आजी पडवीच्या कडेला पाट टाकून बसल्या. मनगटाची पट्टी अजून सुटली नव्हती. नातू रांगोळीचा नवा डबा घेऊन फरशीवर उकिडवा बसला होता. सरळ रेघ त्याला मुळीच येत नव्हती; चिमटीतून रांगोळी कधी धो धो सुटे, कधी अडून बसे. गुळगुळीत फरशीवर वाऱ्याने ती सरकतही होती.

"गाईची पावले कुठून काढू?" त्याने विचारले.

आजींनी अंगणभर नजर फिरविली. "फाटकाजवळून," त्या म्हणाल्या. "तिथे ती खरखरीत जागा आहे ना, तिथे पहिले पाऊल काढ. तिथली रांगोळी हलायची नाही."

नातू उठून फाटकाजवळ गेला. पांढऱ्या जागेवर त्याने चिमूट धरली आणि सावकाश सोडली. रांगोळी जेथे पडली तेथेच बसली.

"थोडी जाड पडली," आजी पाटावरून म्हणाल्या. "पुढचे पाऊल बारीक काढ."